तीन माळांची नाव

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात बोरकुंडच्या तलावाचं पाणी इतकं मागं सरलं, की काठावरचे साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, सात दगड पाण्यापासून दोनशे पावलं दूर कोरड्यात पडले. सिद्धम्मा तरीही रोज पहाटे तांब्याभर पाण्यानं अंग ओलं करून तिथं जायची. दगडांना हळदकुंकू लावायची, भेगाळलेल्या गाळावरून चालत खाली पाण्यापर्यंत उतरायची, ओंजळ भरायची आणि ती न सांडता परत वर आणून सातही दगडांवर थेंब थेंब शिंपडायची. दोनशे पावलांत ओंजळीत उरणार ते किती! पण नेम तो नेम.

तलावाच्या मध्यभागी पाणी सोडायचा दगडी बुरूज होता. त्याच्याभोवती बुडालेल्या बाभळींचे शेंडे आता वर आले होते, वाळलेले, काळे, काट्यांसकट. तेवढ्यातच काय ते पुरुषभर पाणी उरलं होतं, आणि तलावातली उरलीसुरली सगळी मासळी तिथं गोळा झाली होती. अणदूरच्या बाजारात मासळीशिवाय दुसरं काही न्यायला भोयांच्या वस्तीकडं त्या वर्षी नव्हतंच.

सिद्धम्माचा नवरा धुळाप्पा दिवाळीत गेला. पोटात पाणी झालं होतं. त्याच्या दुखण्यात तिनं महादेवाला सोमवार बोलला होता: दिवसभर निरंकार उपास, पायात चप्पल नाही, आणि चामड्याच्या कुठल्याही वस्तूला दिवस मावळेपर्यंत हात नाही. धुळाप्पा गेला तरी सोमवार चालूच राहिला. शेजारची नागूबाई एकदा म्हणाली, "ज्याच्यापायी धरलास तो गेला की गं. आता कुणासाठी उपाशी मरायलीस?"

"शब्द देवाला दिल्ता, नागे. मालक गेले म्हणून देव कुठं गेलाय?"



तलावात जाळं टाकायचा हक्क फक्त मच्छीमार सोसायटीच्या सभासदांना होता. धुळाप्पा सभासद होता. त्याच्या जागी सिद्धम्माचं नाव लागावं म्हणून सचिव पिराजीनं अर्ज लिहून दिला होता. पिराजी बौद्धवाड्यातला, मॅट्रिक झालेला, सोसायटीचं दप्तर सांभाळायचा. पांढरा सदरा, खिशाला पेन आणि बोलणं मोजूनमापून. अर्जावर जिल्ह्याहून उत्तर आलं ते त्यानं मारुतीच्या पाराजवळच्या ऑफिसात सगळ्यांसमोर वाचलं. मयत सभासदाच्या वारसाकडं स्वतःची नाव आणि जाळं असेल तरच नाव लागेल. शुक्रवारी मत्स्यखात्याचे साहेब येऊन समक्ष पाहतील. नाव नसेल तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला मिळेल.

यादीतला पहिला माणूस होता बाबू, चेअरमन बब्रुवानचा मेहुणा.

"वहिनी, तुमच्याकडं काय हाय?" बब्रुवान मिशीला हात लावत म्हणाला. "धुळाप्पाची ती टोपली? ती बी कुत्र्यांनी खाल्ली म्हणं."

ते खरं होतं. धुळाप्पाचा हरगोल, म्हणजे निर्गुडीच्या फोकांची मोठी गोल टोपली आणि तिच्यावर ताणलेलं म्हशीचं कातडं, परसात पालथा पडला होता. पौष महिन्यात भुकेल्या कुत्र्यांनी त्याचं कातडं कुरतडून नेलं. सांगाडा तेवढा उरला.

"सांगाडा हाय," सिद्धम्मा म्हणाली. "मालकांचं जाळं बुरुजापाशी बाभळीत लागलंच हाय. कातडं मिळालं की म्या चढवते."

"चढवाल की. पण टोपलीला नाव म्हणत न्हाईत, वहिनी. नाव म्हंजे लाकडाची, न्हायतर पत्र्याची. आमच्या बाबूनं बघा, डांबराची चार पिंपं बांधून वर फळ्या मारल्यात. पाच माणसं बसत्यात."

"आन पाची भिजत्यात," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, आणि बाबूसुद्धा हसला.

पिराजी हसला नाही. त्यानं कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं. उस्मानाबादला प्रशिक्षणाला गेला होता तेव्हा मिळालेलं, 'लहान नावा: प्रकार व साहित्य'. तो म्हणाला, "चेअरमन, कुठली नाव आन कुठली टोपली, ते ह्यात बघू."

आणि तो उभ्यानंच वाचत गेला. लाकडी नाव: मजबूत, पण जड, फार दिवस कोरड्यात राहिल्यास फळ्यांचे सांधे उकलतात. पत्र्याची: स्वस्त, पण गंजते. फायबरची: काचेचे धागे आणि डिंकासारखं रसायन यांची, हलकी, न कुजणारी. रबराची: हवा भरून फुगवायची, घडी करून नेता येते.

"फायबर बाभळीच्या खुंटावर घासलं तर?" सिद्धम्मानं विचारलं. ऑफिसात बाईनं मध्येच विचारायची रीत नव्हती. सगळे वळून बघायला लागले. तिनं पदर पुढं ओढला, पण प्रश्न मागं घेतला नाही.

पिराजीनं दोन ओळी खाली पाहिलं. "'तीक्ष्ण आघाताने तडा जातो.'"

"आन रबर तर काट्याला टिकतच न्हाय. बाबूची ट्यूब फुटली न्हवं का संक्रांतीला?"

"फुटली काकू," बाबू म्हणाला. "दोनदा फुटली."

"कातडं वाकतं," ती म्हणाली. "खुंटावर आलं की वाकतं आन सरकून पुढं जातं. त्या बाभळीत दुसरं काय चालत न्हाय, म्हणून हे कायम हरगोलातनंच जात."

पिराजीनं शेवटचं पान उलटलं आणि थांबला. पुस्तक तिच्यासमोर धरलं. चित्रात एक लांब, अरुंद, सुतारपक्ष्याच्या चोचीसारखी टोकदार नाव होती. वरून पूर्ण झाकलेली, मधे एकच भोक, आणि त्या भोकात कंबरेपर्यंत बसलेला माणूस, हातात दोन्हीकडं पातं असलेलं वल्हं. "'कयाक,'" पिराजीनं वाचलं. "'बर्फाळ प्रदेशातील लोक लाकडाच्या अथवा हाडांच्या सांगाड्यावर समुद्री जनावराचे कातडे ताणून ही नाव बनवितात. कातडी शिवण्याचे काम स्त्रिया करतात.'"

"बाया शिवतात?"

"असं लिहिलंय."

सिद्धम्मानं चित्रावर बोट ठेवलं नाही, नुसतं जवळ नेलं. "सुई आरपार घालत न्हाईत न्हवं त्या?"

पिराजीनं पान खालीवर शोधलं. "ते न्हाय लिहिलेलं, मावशी."

"घालत नसत्याल. आरपार घातली की पाण्याला वाट मिळते. निम्म्या जाडीतच सुई फिरवायची." तिनं हवेत बोटानं टाका घालून दाखवला.

"चेअरमन," पिराजी पुस्तक मिटत म्हणाला, "सरकारी पुस्तकात कातड्याची नाव ही नाव हाय. शुक्रवारी मावशींची नाव पाण्यात दिसली तर नाव लागंल. म्या साहेबांना हे पान दाखवतो."

"आन कातडं? ते तुझ्या वस्तीतनं आणतोस का?"

पिराजीनं पुस्तक कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं. "आमच्या वस्तीनं ते काम सोडून तीस वर्षं झाली, चेअरमन. तुम्हाला माहीत हाय. तरी विचारता."

बब्रुवाननं खिडकीबाहेर बघितलं.

कातडं कुठून यायचं हे सिद्धम्माला ठाऊक होतं, पण ती तो विचार मनात पुरा होऊ देत नव्हती. तिच्या दारात गंगी म्हैस होती. चारा छावणीतून आणलेल्या उसाच्या वाढ्यांवर तिची हाडं वर आली होती. दोन दिवसांपासून ती बसली होती ती उठत नव्हती. सिद्धम्मा तिच्या तोंडाशी पेंड कालवून धरायची, मानेखालून हात फिरवायची, आणि हात फिरवता फिरवता मानेचं कातडं किती रुंद भरेल याचा अंदाज आपोआप यायचा. मग ती हात काढून घ्यायची.

गंगी सोमवारी सकाळी मेली. ऊन नुकतं दाराशी आलं होतं.

त्या उन्हाळ्यात मेलेल्या जनावरांची कातडी सोडवायला नळदुर्गाहून व्यंकट गाडी घेऊन गावोगाव फिरत होता. दहाच्या सुमाराला तो आला. हात सराईत होता. तासाभरात त्यानं गंगीचं कातडं एकसंध सोडवलं आणि गोठ्याच्या सावलीत पसरलं. रीतीप्रमाणं मांस-हाडं त्याची, कातडं तिचं असं ठरलं.

"घे ताणून लगेच," तो सुरी पुसत म्हणाला. "वलं हाय तवरच सांगाड्यावर चढतं. असलं ऊन हाय, दुपारपातुर केस सुटायला लागतील."

सिद्धम्मा गोठ्याच्या दाराशी उभी होती. अनवाणी. सकाळपासून तिच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. "आज सोमवार हाय, दादा."

"मग?"

"आज म्या हात लावत न्हाय. तुमी चढवून द्याल का?"

व्यंकटनं तिच्याकडं बघितलं, मग गाडीकडं. गाडीत दोन जनावरं होती आणि होर्टीत तिसरं वाट बघत होतं. "माझं काम सोडवायचं हाय माय, शिवायचं न्हाय. चढवलं तर वाकडं चढंल. मीठ हाय का घरात?"

"चार मुठी असंल."

"चार मुठीनं काय हुतंय? बरं, जेवढं हाय तेवढं चोळून ठेव. आन पसरूनच ठेव, घडी करू नको." आणि तो गेला.

मीठही ती चोळू शकत नव्हती. नागूबाईनं चोळलं, नाकाला पदर लावून, तोंडानं पुटपुटत. "महादेव काय बघायला येणार हाय व्हय गं? कातडं तुझ्याच म्हशीचं. सोडवलं व्यंकटनं. तू नुसतं वडायचं हाय."

"दिवस मावळू दे."

"दिवस मावळस्तवर हे नासून जाईल!"

"तुला जमंल तसं चोळ, नागे. उद्या पहाटं म्या उठते."

दुपारी माशा घोंघावायला लागल्या, कावळे आले, आणि बाजूच्या गल्लीतली दोन कुत्री गोठ्याच्या दाराशी येऊन बसली. नागूबाईला पाण्याच्या टँकरला जायचं होतं. कुत्र्यांच्या तोंडी कातडं जाऊ नये म्हणून तिनं ते घाईघाईनं चौपदरी दुमडलं, वर पाट ठेवला, पाटावर वरवंटा. चांगल्या हेतूनं केलं. सिद्धम्मा तेव्हा देवळात महादेवाला बेल वाहत होती. दिवस मावळला तशी तिनं देवापुढं दिवा लावला आणि भाकरीचा तुकडा मोडला. अंधारात शिवणं होत नाही, आणि कातडं दुमडल्याचं तिला ठाऊक नव्हतं. ती पहाटेची वाट बघत पडून राहिली.

मंगळवारी पहाटे घडी उकलली तेव्हा आतून वाफ आली. मानेच्या बाजूला तिनं नुसता अंगठा दाबला तर केसांचा पुंजका मुळासकट हातात आला, आणि त्याखालचं कातडं शेवाळल्यासारखं बुळबुळीत लागलं. पाठीचं चांगलं होतं. पोटाचं बरं होतं. मान गेली होती.

मान कापून टाकली असती तर कातडं सांगाड्याला पुरलं नसतं.

तिनं चढवलं. केसांची बाजू आत, मांसाची बाहेर. काठाला वादीनं आवळलं, चारी पायांच्या जागी फट होती तिथं तुकडे लावले, दुहेरी दुमड घालून, निम्म्या जाडीत सुई फिरवून, आईनं शिकवलं होतं तसं. तिचं माहेर भीमेकाठचं. तिथं पुरुष सांगाडा विणत आणि बायका कातडं शिवत, मग पुरुष ते पाण्यात घालत आणि आमची नाव म्हणत. मानेपाशी टाका घालताना सुई निम्म्या जाडीत राहीचना. कातडं लोण्यासारखं जाई आणि सुई पलीकडं निघे. तिथं तिनं दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा जसा बसला तसा ठेवला. बुधवार आणि गुरुवार नाव उन्हात वाळली. रस्त्याच्या कामावरून आणलेलं डांबर तिनं शिवणीवर ओतलं, करडईचं तेल पाठीवर चोळलं.

शुक्रवारी पहाटे साती आसरांना पाणी शिंपडून तिनं नाव पाण्यात लोटली. गळ्यातली माळ हातात घेतली. वेळ मोजायचं तिच्याकडं दुसरं साधन नव्हतं. एक माळ म्हणजे एकशे आठ वेळा नमः शिवाय. पहिल्या माळेत नाव हलकी, अगदी धुळाप्पाच्या नावेसारखी फिरत होती, आणि तिच्या मनात आलं, झालं, जमलं. दुसऱ्या माळेच्या मध्याला टाचेला गार लागलं. मानेच्या शिवणीतून पाणी मोत्यांसारखं एकेक थेंब आत येत होतं. तिसरी माळ संपताना पाणी घोट्यावर होतं आणि नाव जड होऊन एका बाजूला कलायला लागली होती. ती काठाला आली, नाव पालथी केली, उरलंसुरलं डांबर मानेवर थापलं. गरम करायला सरपण नव्हतं. गार डांबर काय धरणार?

तेवढ्यात पिराजी सायकल हातात धरून बांधावर आला. "झाली का तयार, मावशी?"

नाव पालथी होती. डांबर ओलं चमकत होतं. त्याला वरून काही कळणार नव्हतं. साहेबांचं तरी काय, बघतील आणि जातील. सोमवार सोडून दुसरं कातडं बघता येईल, गावात रोज एखादं जनावर मरतंच आहे. हे सगळं तिच्या मनात एका श्वासात आलं.

"झाली," ती म्हणाली.

"पाण्यात घालून बघितली?"

"बघितली."

"तरती?"

"तरती की."

पिराजी समाधानानं हसला. त्याला हसताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं. "मग आज चेअरमनचं तोंड बघण्याजोगं व्हणार."

साहेब दुपारी एकला आले. जीपमधून उतरताच त्यांनी डोक्याला रुमाल बांधला. वयानं तरुण, अंगानं भरलेले, बोलायला मोकळे. बब्रुवान आणि बाबू मागोमाग आले. पिराजीनं पुस्तकाचं शेवटचं पान उघडूनच आणलं होतं. साहेबांनी चित्र बघितलं, मग नाव बघितली, वाकून टिचकी मारली. वाळलेल्या पाठीचा ढोलकीसारखा आवाज आला.

"अरे वा! हे तर खरंच कातडं आहे. कोणी शिवलं?"

"ह्यांनीच, साहेब," पिराजी म्हणाला. "एकटीनं. आज पहाटे पाण्यात घालून बघितली."

"तरते ना बाई?"

सगळ्यांसमोर, तळपत्या उन्हात, सिद्धम्मा म्हणाली, "तरती, साहेब."

साहेबांनी कागदावर लिहिलं. नावेचा प्रकार: गोल. साहित्य: निर्गुडीचे फोक, म्हशीचे कातडे. लिहिता लिहिता त्यांनी बुरुजाकडं पाहिलं. "पाण्याची पातळी मला बुरुजावरच्या खुणेवर जाऊन बघायची आहे. चला, हिच्यातूनच जाऊ. नाव पण बघून होईल, पातळी पण."

बब्रुवान पुढं झाला. "साहेब, बाबूच्या पिंपांवरनं नेतो की. ऐसपैस हाय."

"त्या पिंपांवर? पँट डांबरानं भरेल माझी. आणि बाईंनी एवढं केलंय, बसायला नको?"

"ऊन लई हाय, साहेब," सिद्धम्मा म्हणाली. "सांजच्याला..."

"सांजच्याला मला तुळजापुरात मीटिंग आहे."

बाबूनं आणि पिराजीनं नाव उचलून पाण्यात ठेवली. साहेब बूट काढत होते. पिराजीनं सहज विचारलं, "पोहता येतं न्हवं, साहेब?"

"छे हो! पुण्यात वाड्याच्या हौदात तेवढा डुंबलोय." ते हसले.

बुरुजापर्यंत जायला दोन माळा. यायला दोन. खूण बघायला, लिहून घ्यायला एक. दोघांच्या वजनानं नाव खोल बसणार, मान पूर्ण पाण्याखाली जाणार. बुरुजाशी पुरुषभर पाणी आणि खाली बाभळीचं रान. सिद्धम्मानं हे बोटांवर मोजलं आणि पुन्हा मोजलं. साहेबांनी एक हात पिराजीच्या खांद्यावर ठेवून उजवा पाय नावेत टाकला. नाव डुलली.

सिद्धम्मानं दोन्ही हातांनी नावेचा काठ धरला.

"साहेब, पाय काढा."

"काय झालं?"

"पाय काढा. ही तीन माळा तरते. चवथीला तरत न्हाय."

साहेबांना काही कळलं नाही. पिराजीला कळलं. त्याचा चेहरा आधी गोंधळला, मग त्याच्यावरचं सगळं निघून गेलं, पाटी पुसावी तसं.

"मान नासलीय," ती म्हणाली. "सोमवारी म्हस मेली. म्या हात लावला न्हाय. पहाटं पाणी आत आलं. घोट्याइतकं आलं."

"मग मघाशी तरते म्हणालात?" साहेबांनी पाय काढून घेतला. त्यांचा मोजा भिजला होता. "मी पोहत नाही म्हणून सांगितलं तरी तुम्ही गप्प? मी मध्ये गेलो असतो म्हणजे?"

"न्हाई जाऊ दिलं असतं, साहेब."

"हे आता म्हणता."

बब्रुवान हसला नाही. एखादा हसला असता. तो नुसतं म्हणाला, "उपासतापास करणारी बाई. आमाला वाटलं होतं, गावात एक तरी माणूस खरं बोलतं."

साहेबांनी पहिला कागद फाडला आणि जीपच्या बॉनेटवर दुसरा लिहिला. वाचून दाखवायचं काम सचिवाचं. पिराजीनं वाचलं, एकसुरी, तिच्याकडं न बघता. "'अर्जदाराने दाखविलेली नाव पाण्यात ठेवण्यास अयोग्य आढळली. अर्जदाराने व संस्थेच्या सचिवाने सदर नाव योग्य असल्याची चुकीची माहिती दिली. अर्जदाराचा दावा नामंजूर.'" त्यानं शाईची डबी उघडून पुढं केली. सिद्धम्मानं अंगठा उठवला.

"सचिवाने बी?" ती हळूच म्हणाली. "तुमाला कुठं ठावं हुतं?"

"म्याच म्हणालो न्हवं, पहाटे घालून बघितली म्हणून."

साहेबांची जीप बांधावरून धूळ उडवत गेली. बब्रुवान जाता जाता थांबला. "वहिनी, बुरुजापाशी धुळाप्पाचं जाळं लागलंय, ते आजच काढून घ्या. उद्यापासनं तिथं बाबू टाकंल."

पिराजी सायकलचं स्टँड काढत होता. जायला निघाला आणि वळला.

"मावशी, मला पहाटं सांगितलं असतं तर म्या साहेबांना पंधरा दिवसांची मुदत मागितली असती. नियमात एकदा मुदत मिळते. तेवढं कलम म्या पाठ करून आलो होतो." त्यानं सायकलचं हँडल सरळ केलं. "तुमी सांगितलं असतं तर."

तिला बोलायचं होतं. सोमवारची तिला खंत नव्हती. तो दिवस पुन्हा आला तरी तिनं हात लावला नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण पहाटे बांधावर उभं राहून ती जे बोलली होती, त्याला कुठला नेम, कुठला देव आडवा आला नव्हता. ते तिचं तिनंच केलं होतं. पिराजी सायकलवर टांग टाकून निघून गेला.

जाळं आजच काढायचं होतं. ते आणायला दुसऱ्या कोणाची नाव मागायची, तर कोणाची? बाबू पिंपांवर बसून पाय हलवत होता. "काकू, म्या आणून देऊ का?" त्यानं विचारलं. मनानं वाईट नव्हता तो.

"गाठी तुला सुटायच्या न्हाईत."

ती नावेत बसली आणि वल्हं मारलं. पाणी लवकर आलं, पहाटेपेक्षा लवकर. बाभळींच्या शेंड्यांत नाव शिरली तेव्हा ते पोटरीपर्यंत होतं. धुळाप्पानं जाळ्याची दोरी दोन शेंड्यांना बांधली होती. त्याची गाठ दुहेरी असायची, भिजून आणखी आवळलेली. पहिली तिनं दातांनी सोडवली. दुसरी सुटेना. नाव कलत चालली होती. तिनं शेंडाच मोडायचा प्रयत्न केला, काटा तळहातात शिरला, शेवटी वाळका शेंडा कडाडून तुटला आणि दोरीसकट, काट्यांसकट जाळं आत आलं. त्यात गाळ होता आणि दोन मरळ मासे.

परतताना मानेची शिवण पूर्ण उकलली. काठ वीस-पंचवीस पावलं राहिला असेल. ती कंबरभर चिखलात उतरली, नाव सोडून दिली आणि जाळं ओढत चालत आली. बाबू धावत पाण्यात आला, पण तोपर्यंत ती बाहेर पडली होती. तिनं दोन्ही मरळ त्याच्या पिंपांच्या फळीवर ठेवले.

"हे सोसायटीचे," ती म्हणाली.

"काकू, असू द्या की. घेऊन जा."

"न्हाय रे. म्या सभासद न्हाय."

वस्तीत शिरताना नागूबाई दाराशीच होती. तिला बातमी कळली असावी, कारण ती नेहमीसारखी बोलत सुटली नाही. चौपदरी घडीची गोष्ट तिच्या डोळ्यांत होती. "मीच दुमडलं गं ते," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मग पदरानं तोंड पुसून तिनं सिद्धम्माच्या डोक्यावरच्या ओझ्याकडं पाहिलं. "काय आणलंस?"

"जाळं," सिद्धम्मा म्हणाली, आणि काटे काढता येतील अशी उजेडाची जागा बघून खाली बसली.